चंद्रपूर झाडीपट्टीत येतं का? भांडण जुनं आहे, उत्तर धानाच्या बांधीत सापडतं

पुण्यातल्या एखाद्या होस्टेलवर नवीन पोरगं आलं आणि त्यानं गाव "चंद्रपूर" सांगितलं, की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. ताडोबात वाघ दिसतो का? आणि ते नक्षलवादी तिकडंच ना?

मग पोरगं समजावतं. नक्षलवादी गडचिरोलीत, आमच्याकडं कोळसा. समोरचा मान हलवतो आणि म्हणतो, "म्हणजे नागपूर साइडच की."

आता "नागपूर साइड" हे उत्तर पुण्यात बसून बरोबर वाटतं. पण हेच ब्रह्मपुरीच्या किंवा सिंदेवाहीच्या माणसाला म्हणून बघा. तो सांगेल, नागपूर वेगळं गा, आम्ही झाडीपट्टीचे. त्याच जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या माणसाला विचारा, तो स्वतःला झाडीपट्टीचा म्हणणार नाही. आणि खुद्द चंद्रपूर शहरातल्या माणसाला विचारलं तर तो थोडा वेळ विचारात पडेल.

जिल्हा एक, भाषा कागदावर एक, मग हा फरक येतो कुठून? एखादं शहर झाडीपट्टीचं वाटतं म्हणजे नेमकं काय होतं? आज तेच बघू.

आधी अमेरिकेत एक चक्कर मारू

असंच भांडण अमेरिकेत रोज चालतं. तिकडं "साउथ" म्हणजे दक्षिण हा फक्त दिशेचा शब्द नाही, ती एक ओळख आहे. बोलण्याची ढब, खूप साखर घातलेला गार चहा, मक्याच्या कण्यांची लापशी, चर्च, आणि त्याखाली गुलामगिरीचा आणि यादवी युद्धाचा इतिहास. हे सगळं मिळून "साउथ" होतो.

गंमत म्हणजे नकाशा आणि ही ओळख जुळत नाहीत. अमेरिकेचं जनगणना खातं १६ राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन एवढा सगळा भाग "साउथ"मध्ये मोजतं. पण वॉशिंग्टनला दक्षिणी शहर म्हटलं तर अर्धे लोक हसतात. मायामी तर देशाच्या पार दक्षिण टोकाला आहे, पण तिथं रस्त्यावर स्पॅनिश ऐकू येतं आणि जेवणावर क्युबाची छाप आहे. म्हणून फ्लोरिडाबद्दल लोक म्हणतात, तुम्ही जितके उत्तरेला जाल तितके जास्त दक्षिणेत पोचता.

मग खरा साउथ शोधायचा कसा? जॉन शेल्टन रीड नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९७६ साली एक साधी युक्ती मांडली. त्यानं शहराशहरांच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या घेतल्या आणि किती दुकानांच्या, धंद्यांच्या नावात "सदर्न" किंवा "डिक्सी" हे शब्द आहेत ते मोजलं. डिक्सी हे साउथचं जुनं लाडकं नाव. लोक आपल्या दुकानाला जे नाव देतात त्यावरून ते स्वतःला कुठलं समजतात हे कळतं, असा त्याचा हिशोब होता. सरकारी सीमेपेक्षा वेगळाच नकाशा त्यातून निघाला.

आता हीच नजर घेऊन परत चंद्रपूर-गडचिरोलीत येऊ.

झाडीपट्टी म्हणजे नेमकं कुठं?

झाडी म्हणजे जंगल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे पूर्व विदर्भाचे चार जिल्हे म्हणजे झाडीपट्टी, असं सर्रास सांगितलं जातं. पलीकडं अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा हा वऱ्हाड. बाहेरच्यांसाठी दोन्ही विदर्भच, पण आतल्यांसाठी हे दोन वेगळे प्रदेश आहेत.

या दोघांमधली खरी रेघ पिकाची आहे. वऱ्हाड म्हणजे काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. झाडी म्हणजे तलाव, धान आणि जंगल. आणि ही रेघ चंद्रपूर जिल्ह्याच्या मधूनच जाते. वर्धा नदीच्या बाजूला वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना इथं कापूस आणि सोयाबीन दिसतं. पूर्वेला मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी इकडं सरकलात की पाऊस वाढतो आणि बांधावर बांध लागतात. भातखाचराला इथं बांधी म्हणतात, रोपांना पऱ्हे आणि लावणीला रोवणी.

धानाला पाणी लागतं, म्हणून इथल्या लोकांनी काही शतकांपूर्वी हजारो तलाव आणि छोट्या बोड्या बांधल्या. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. इंग्रजांच्या काळात हे तलाव मालगुजारांकडं होते. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडं आले. त्यामुळं कागदोपत्री त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. लोकांनी त्याचं केलं मामा तलाव. तलाव आहे म्हणजे मासोळी आहे, मासोळी आहे म्हणजे ढिवर समाज आहे. धान निघालं की त्याच ओलीत लाखोळी येते. झाडीपट्टीचं ताट हे असं बांधीतून आणि तलावातून तयार झालेलं आहे.

या पट्ट्यातली एक गोष्ट तुमच्या घरातही पोचलेली असू शकते. एचएमटी तांदूळ तुम्ही खाल्ला असेल किंवा दुकानात पाहिला तरी असेल. तो नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्यानं निवड पद्धतीनं विकसित केला. त्यांना आपल्या शेतात वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्यांनी बी राखून ठेवलं आणि वर्षानुवर्षं निवड करत गेले. त्या काळात एचएमटी घड्याळांची चलती होती, तेच नाव वाणाला पडलं. तांदूळ देशभर गेला. दादाजी २०१८ साली गेले, तेही हलाखीतच. तांदळाचं नाव घड्याळाचं आहे, त्यामुळं तो झाडीपट्टीतून आला हे बहुतेकांना माहीतच नाही.

'काय बे' आणि 'काय गा'

दुसरी खूण बोलीची. नागपूरकर मित्राला "काय बे" म्हणतो. झाडीपट्टीत तुम्हाला "काय गा" ऐकू येईल. "करून राहिलो", "जाऊन राहिली" ही रूपं सगळ्या विदर्भात चालतात, त्यामुळं त्यावरून काही ठरत नाही. पण झाडीबोलीत ण आणि ळ जवळजवळ नाहीतच. पाण्याचं पानी होतं, डोळ्याचा डोरा होतो, पोळ्याचा पोरा होतो.

शाळेत हेच अशुद्ध म्हणून खोडलं जातं. वर्षानुवर्षं पोरांना वाटत आलं की आपण मराठी चुकीची बोलतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा अभ्यास करून ती स्वतंत्र बोली आहे हे मांडलं, आणि त्यातून झाडीबोलीची साहित्य संमेलनं उभी राहिली. बोलीचं व्याकरण असतं, ती कुणाची बिघडलेली भाषा नसते, हे सांगायला इथल्या लोकांना स्वतःचा मांडव घालावा लागला.

तरी आजही चित्र काय आहे? गावी फोन लावला की झाडी, फोन ठेवला की पुणेरी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाहेर शिकणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, तो हसून कबूल करेल.

रात्रभर चालणारं नाटक

तिसरी खूण सगळ्यात जोरदार आहे. झाडीपट्टी रंगभूमी.

दिवाळीपर्यंत धान कापणीला येतं. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरायला लागते. मंडई म्हणजे इथं भाजी मंडई समजू नका. ती गावाची जत्रा असते. पाव्हणे येतात, दुकानं लागतात, दंडार होते. धान घरात आलं, हातात थोडे पैसे आले, की नाटकाचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आसपासपर्यंत चालतो.

या हंगामाचं केंद्र आहे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडातलं वडसा. गोंदिया-चांदाफोर्ट रेल्वेमार्गावरचं हे गाव. इथं नाट्य कंपन्यांची ऑफिसं आहेत. गावातलं मंडळ वडशाला येतं, नाटक ठरवतं, तारीख घेतं, तिकिटं विकतं. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. आजूबाजूच्या खेड्यांतून हजारो लोक येतात. सरकारी अनुदानाची वाट न बघता, तिकिटाच्या पैशावर चालणारी अशी ग्रामीण रंगभूमी महाराष्ट्रात दुसरीकडं या प्रमाणात सापडत नाही. याच रंगभूमीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

नाटकाचं नातं शंकरपटाशी, म्हणजे बैलांच्या शर्यतीशी आहे. दिवसा पट, रात्री नाटक, असा जुना बेत. पटाला माणसं जमत, मग त्यांच्या रात्रीची सोय म्हणून नाटक. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा या बेतातला अर्धा भाग थांबला. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा वैध ठरवला. मधल्या काळात पट बंद होता तरी नाटक थांबलं नव्हतं.

कारण नाटक हे फक्त नाटक नसतं. त्या निमित्तानं लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, उपवर पोरं-पोरी बघितली जातात आणि सोयरिकी जुळतात. गावात नाटक असलं की घरोघरी पाव्हणे असतात.

इथंच एक बारकी पण टोचणारी गोष्ट आहे. या नाटकांत नायक-नायिका बरेचदा प्रमाण मराठीत बोलतात, आणि झाडीबोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. हजारो लोक त्यावर मनापासून हसतात. आपलीच बोली आपल्याच मंचावर रडायला, प्रेम करायला किंवा भांडायला कमी पडते, असा समज किती खोल गेलाय हे यातून दिसतं.

मग चंद्रपूर शहराचं काय?

आता या तीन खुणा घेऊन चंद्रपूर शहरात जाऊ.

शहराचा पाया गोंडांचा आहे. चांद्याच्या गोंड राजांनी इथं राज्य केलं. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या चार दरवाजांचा परकोट आजही शहराला कवेत घेऊन उभा आहे. अठराव्या शतकात नागपूरच्या भोसल्यांनी हे राज्य घेतलं, पुढं इंग्रज आले. १८५८ साली वीर बाबुराव शेडमाके यांना याच चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. गावाचं नावही तेव्हा चांदाच होतं, चंद्रपूर हे नाव १९६० च्या दशकातलं.

दुसरा थर १९५६ चा. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. आजही त्या दिवशी दीक्षाभूमीवर मोठी गर्दी असते.

तिसरा थर कोळशाचा. खाणी आल्या, २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र आलं, शेजारी बल्लारपूरला पेपर मिल आली. बल्लारशाह स्टेशन दिल्ली-चेन्नई मार्गावर असल्यामुळं तेलंगणातून, छत्तीसगडमधून, उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसं आली आणि राहिली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांचा बंगाली कॅम्पही याच शहरात आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख २० हजारांच्या घरात होती. चैत्रात महाकालीची यात्रा भरते, तिला मराठवाड्यातून आणि तेलंगणातून भाविक येतात.

म्हणजे जेवणात भात आहे, आठवणीत गोंडवाना आहे, पण रस्त्यावर हिंदी आणि तेलुगूही आहे. मायामीची आठवण झाली ना?

खरा फरक मात्र कॅलेंडरचा आहे. झाडीपट्टीच्या गावाचं वर्ष असं चालतं: जून-जुलैत रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मंडई, मग नाटक, उन्हाळा लागला की पहाटे मोहफुलं वेचणं, मे महिन्यात तेंदूपत्ता. वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल ही गावं शहरं झाली तरी याच चक्रावर चालतात. धान विकलं गेलं की कापडाच्या दुकानात गर्दी होते, धान पडून राहिलं की किराणा उधारीवर जातो.

चंद्रपूर शहराचा मोठा भाग शिफ्टवर चालतो. सकाळ, दुपार, रात्र, महिन्याचा पगार आणि सणाचा बोनस. ज्या घरात पगार येतो त्या घराला पाऊस लांबल्याची बातमी कळते, पण झोप उडत नाही.

म्हणून उत्तर द्यायचं तर असं देता येईल. एखादं शहर झाडीपट्टीचं वाटतं ते आजूबाजूच्या खेड्यांचं कॅलेंडर त्या शहरात जोवर चालतं तोवर. वडसा त्यामुळं पूर्ण झाडीपट्टीचं. गडचिरोली शहरही बरंचसं. बल्लारपूर जवळजवळ नाही. आणि चंद्रपूर उंबरठ्यावर. जटपुरा गेटमधून मूल रोडला लागलात की झाडीपट्टी जवळ येते, बल्लारपूर रोडला लागलात की लांब जाते.

गडचिरोली जिल्हा म्हणजे सगळी झाडीपट्टी?

तेही नाही. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा १४ हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठा आहे आणि एका ओळखीत मावत नाही.

उत्तरेला कुरखेडा, आरमोरी, वडसा हा धानाचा आणि नाटकाचा भाग. कोरचीकडं छत्तीसगडी कानावर पडते. भामरागड-एटापल्लीत माडिया लोक आहेत, त्यांची भाषा गोंडी कुळातली, त्यांच्यासाठी मराठी ही शाळेत शिकायची भाषा. चामोर्शी-मुलचेरात बंगाली गावं आहेत, तिथं दुर्गापूजा होते. आणि दक्षिणेच्या टोकाला सिरोंचा. १८६० साली हा भाग निजामाकडून इंग्रजांकडं आला. आजही इथं घराघरात तेलुगू आहे आणि प्राणहिता-गोदावरी ओलांडली की तेलंगणा. सिरोंच्याच्या माणसाला लग्नाचं सामान आणायला गडचिरोलीपेक्षा पलीकडं जाणं सोपं पडतं.

राजुऱ्याचंही असंच. तो तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच बाजूला जिवती तालुक्यात अशी १४ गावं आहेत ज्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांनीही हक्क सांगितला, आणि तिथल्या लोकांकडं दोन्ही राज्यांची कार्डं आली.

या सगळ्यांना "झाडीपट्टी" म्हणून टाकणं म्हणजे पुणेकरानं सगळ्यांना "नागपूर साइड" म्हणण्यासारखंच. आपल्यावर होतो तो अन्याय आपण पुढच्यावर करतो. विशेषतः माडिया आणि गोंड लोकांवर. त्यांची ओळख झाडीपट्टीच्याही आधीची आहे. गडचिरोलीत २०११ साली झालेल्या विद्यापीठाला गोंडवाना हे नाव मिळालं, ते त्यामुळंच महत्त्वाचं.

पण याचा विचार आत्ता का करायचा?

कारण कॅलेंडर बदलतंय.

जे चंद्रपूरचं कोळशानं केलं, ते गडचिरोलीचं आता लोखंड करू लागलंय. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरात लोहखनिजाची खाण आहे आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलाद प्रकल्प उभा राहतोय. गडचिरोलीला "स्टील हब" करायची भाषा सुरू आहे. त्यातून नोकऱ्या येतील आणि त्या हव्याच आहेत. आपली संस्कृती टिकावी म्हणून पोरांनी बांधीत चिखलच तुडवत राहावा, असं म्हणायचा हक्क शहरात बसलेल्या कुणालाही नाही.

प्रश्न इतकाच आहे की शिफ्ट आली की पहाटेपर्यंत नाटक कोण बघणार? दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ड्युटी असेल तर माणूस दोन अंकांनंतर उठेल. मंडईला सुट्टी मिळाली नाही तर लेक माहेरी येईल पण जावई येणार नाही. या गोष्टी कुठल्याही प्रकल्प अहवालात नुकसान म्हणून लिहिल्या जात नाहीत.

अमेरिकेतही पुढं दुकानांच्या पाट्यांवरून "डिक्सी" मागं सरकत गेला. त्यात एक चांगली बाजू होती, कारण त्या शब्दाला गुलामगिरीचा वास होता. झाडीपट्टी या शब्दाला तसं काही ओझं नाही. तो शब्द लपवावा लागतो तो फक्त "जंगलातले" म्हणून हसतील या भीतीनं.

तुम्ही या दोन जिल्ह्यांतले असाल तर रीडचा प्रयोग तुमच्या गावात करून बघा. मेन रोडवरून चालत जा आणि पाट्या मोजा. विदर्भ किती, गोंडवाना किती, वैनगंगा किती, झाडीपट्टी किती. तेलुगू आणि बंगाली पाट्याही मोजा. मग घरी जाऊन आजीला विचारा, तिची सोयरिक कुठं जुळली होती.

नाटकाच्या रात्री जुळली होती असं ती म्हणाली, तर तुमचं घर झाडीपट्टीत आहे. नकाशा काही म्हणो.